रोज्या किती जगंल?

तुंगार्लीच्या गेणूला लोणावळ्यातली माणसं टाळायला लागली होती, ती काही त्याचा स्वभाव वाईट म्हणून नव्हे. माणूस गरीब, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा गाठ पडली की झालं! "भाऊ, तुमचा घोडा किती वर्सं जगला?" "आबा, बैल म्हातारा कधी म्हनायचा?" "मावशी, शेळीचं आयुष्य काय वो?" माणूस निघालाय बाजारात कोथिंबीर आणायला, आणि हा बाबा वाटेत उभा राहून जन्ममरणाचं विचारतोय. एका किराणावाल्यानं तर वैतागून म्हटलं, "गेणू, तू यमाकडं कामाला लागलास की काय?"

यमाकडं नव्हता लागला. शेठाणीकडं लागला होता. आणि तिच्याकडं लागला म्हणूनच हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं.

गेणू मूळचा आंदर मावळातला, ठाकर. त्याच्या बापाला जमीन नव्हती, आज्याला नव्हती, त्यालाही नव्हती. दुसऱ्याच्या माळावर खोपट घालायचं, त्याचं गवत कापायचं, गुरं राखायची. मालकाची मर्जी फिरली की 'उठा'. मग कुडाच्या कारव्या पाठीवर, मडकी डोक्यावर, आणि चालायला लागायचं. एकदा तर ऐन श्रावणात उठवलं. गेणूची बायको गंगी तान्हं पोर पदराखाली घेऊन पावसात चालली, आणि नव्या जागी पोचेपर्यंत ते पोर गारठून गेलं. त्यानंतर गंगी कुणाशी भांडली नाही, रडलीही फारशी नाही. फक्त एवढंच म्हणायची, "आता पुन्ना उठायचं न्हाई. काय वाट्टेल ते करा, पन उठायचं न्हाई."

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठाणीचा बंगला होता. तिच्या भावाची काठेवाडात शेती. तिकडच्या रानात आई मेलेलं एक पिल्लू त्याला सापडलं, ते बहिणीनं हौसेनं मालगाडीतून इकडं आणवलं. तांबूस रंग, काटक्यांसारखे पाय, मोठाले कान. शेठाणी त्याला रोझ म्हणायची. तिच्या गुजरातीत त्या जनावराचं तेच नाव; गेणूच्या तोंडी त्याचं 'रोज्या' झालं. आपल्यातली शिकलेली माणसं नीलगाय म्हणतात, विदर्भात रोही म्हणतात. पण मावळात ते जनावर कुणाच्या बापजन्मी कुणी पाहिलेलं नव्हतं. बंगल्यात गवत कापायला आलेल्या गेणूनं पाहिलं, तर पिल्लू मान टाकून पडलेलं आणि शेठाणी त्याच्याशेजारी बसून रडतेय.

"दूध पीत न्हाई व्हय?" गेणू म्हणाला. त्यानं कुणाची तरी शेळी पिळून आणली, धोतराच्या चिंधीची वात केली, दुधात बुडवली आणि पिल्लाच्या ओठांत धरली. दिवसभर तोच उद्योग. संध्याकाळी पिल्लू चिंधी ओढायला लागलं.

शेठाणीनं डोळे पुसले आणि सगळ्या नोकरांसमोर म्हणाली, "गेणू, आता हा तुझा. मागची खोली तुला दिली. जोवर हा जगेल, तोवर त्या खोलीतून तुला कोणी उठवणार नाही. माझा मुलगासुद्धा नाही. देवाच्या पायाशी हात ठेवून सांगते."

गंगीला हे कळलं तेव्हा तिला आधी खरंच वाटेना. दगडी भिंती, कौलं, कडी असलेलं दार! तिनं दोनदा सारवण केलं, चूल घातली, देव मांडले. आणि रात्री भाकरी वाढताना एकच प्रश्न विचारला, "ह्ये जनावर जगतं तरी किती?"

आता आली का पंचाईत! गेणूला ठाऊक असतं तर त्यानं सांगितलं असतं. तेव्हापासून तो जो विचारत सुटला, तो सुटलाच.

पहिल्यांदा गेला कोंडाजीआबाकडं. हा वराळ्याचा शेतकरी, बैलांच्या पारखीत मावळात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोणावळ्याला लेकीकडं आला होता. त्यानं रोज्याचा जबडा उघडून बोटानं चाचपून पाहिला. "वरचं दात न्हाईत, खालचं हाईत. रवंथ करतंय, खूर दुभंगल्यालं. बैलाची जात! बैल ईस वर्सं काढतो. नीट राखलास तर."

गेणू खूश. घरी येतोय तोवर वाटेत टांगेवाला अंबाजी भेटला. तो म्हणाला, "कसला बैल अन् कसलं काय! पाठ बघ, म्होरं उंच अन् मागं उतरती. मानंवर आयाळ हाय. पळताना टाप बघितलीस का? घोडा हाय त्यो! माझ्या बापाचा घोडा तीस वर्सं जगला."

तीस! गेणू हवेतच घरी गेला. पण गंगीनं त्याला जमिनीवर आणलं. ती गोठा झाडत होती. झाडू तसाच हातात धरून म्हणाली, "घोडा लीद टाकतो, बैल श्यान टाकतो. ह्यो काय टाकतो?"

गेणूनं खाली पाहिलं. लेंड्या! काळ्या, गोल, एका जागी ढीग घातलेल्या.

"मंग शेळीच की!" गंगी म्हणाली. "अन् शेळी लय तर लय धा-बारा वर्सं. घ्या आता!"

घ्या! अंगानं बैल, मानेनं घोडा, लेंड्यांनी शेळी. देवानं हे जनावर कुठलं कुठलं उरलंसुरलं सामान जोडून केलं, ते केलं. पण आयुष्य कुणाचं दिलं ते कुणी सांगेना. गेणूचं डोकं नुसतं भणभणायला लागलं.

शेवटी त्यानं स्वतःच एक हिशोब लावला. ससा बारका, तो लवकर मरतो. शेळी त्याहून मोठी, ती जास्त जगते. बैल अजून मोठा, तो अजून जगतो. हत्ती तर म्हणे माणसाला पुरून उरतो. म्हणजे जेवढं अंग तेवढं आयुष्य! चला, सोपं आहे. रोज्या मोठा झाला म्हणजे झालं. मग काय विचारता! उंबराचा पाला, जांभळं, करवंदाचे कोंब, शेठाणीच्या खर्चानं भुसा-पेंड. पावसाळ्यात खूर सडू नयेत म्हणून खाली फळ्यांची बैठक, भोवती कारवीचा कुड. रोज्या वाढायला लागला. रोज सकाळी गेणू त्याच्याशेजारी उभा राहायचा आणि त्याची पाठ आपल्या कुठवर येते ते बघायचा. छातीला आली, गळ्याला आली, हनुवटीला आली. डांगी बैलाच्या शेजारी उभा केला तर खांद्याला वरचढ, फक्त वजनाला हलका. गेणू ज्याला त्याला सांगत सुटला, "वाढतंय, वाढतंय!"

अंबाजीच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "आयुष्य अंगावर असतं तर म्हशीपेक्षा तू आधी मेला पायजेस. म्हैस केवढी, तू केवढा! पन माणूस म्हशीच्या तिप्पट जगतो, त्याचं काय?"

झालं! पुन्हा सगळं मुसळ केरात.

त्यावर वर्ष-दोन वर्षं गेली असतील नसतील, एक नवीनच संकट आलं. रोज्याचा तांबूस रंग उतरायला लागला. आधी मान काळवंडली, मग पाठ, मग पोटापर्यंत सगळं अंग राखेच्या रंगाचं. केस पिकायला लागले! एवढ्यात? म्हणजे शेळीपेक्षाही आयुष्य कमी? गंगीनं ऊन पाण्यानं चोळून पाहिलं, रंग काही जाईना. तिचा चेहरा पार उतरला. एके दिवशी गेणूनं पाहिलं, ती फळीवरची मडकी उतरवून एकात एक घालून ठेवत होती. निघायची वेळ आली तर हाताशी असावीत म्हणून. त्याला ते बघवेना.

गेणू आंदर मावळात गेला. गंगीचा भाऊ बुधा वाडीचा भगत, तो वाघजाईला कौल लावायचा. देवीच्या दगडाला पाण्यानं दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर रोज्याला घोड्याचं आयुष्य, डावं पडलं तर शेळीचं. दोघं हात जोडून बसले. बराच वेळ काहीच होईना. मग दोन्ही फुलं एकदमच पडली.

बुधानं डोकं खाजवलं. "दाजी, द्येवीलाच ठावं न्हाई दिसतंय. तिनं तरी असलं जनावर कुटं बघितलंय?"

देवीनं हात टेकल्यावर उरला गुरांच्या दवाखान्याचा डॉक्टर. नवीनच आलेला, तरुण, पण मनाचा मोकळा. रोज्याला बघून तोही चक्रावला. म्हणाला, "गेणू, खोटं कशाला बोलू, असला पेशंट मी कधी पाहिला नाही. पुण्याला माझे गुरुजी आहेत, त्यांना विचारून येतो." आणि खरंच विचारून आला. सायकल टाकून हसत हसतच आत शिरला. "अरे वेड्या, म्हातारा नाही, तो तरुण झालाय! यांच्यात नर वयात आला की रंग असाच निळसर राखाडी होतो. मादी तांबूसच राहते."

गेणूनं रोज्याच्या गळ्यालाच मिठी मारली. गंगीनं एकात एक घातलेली मडकी पुन्हा सुटी करून फळीवर मांडली.

डॉक्टर निघाला तसं गेणूनं त्याची सायकल धरली. "पर डाक्टर, जगंल किती?"

"पाळलेला असला तर वीस वर्षांच्या आसपास. रानात असता तर त्याच्या निम्म्यातच संपला असता."

"आँ? जनावर एकच अन् आयुष्यं दोन? आन् आसपास म्हंजी अलीकडं का पलीकडं?"

"ते कसं सांगणार, बाबा?"

"पन लय मोठं झालंय त्ये! मोठं जनावर जास्त जगतं न्हवं?"

"ढोबळमानानं खरं आहे. हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो, घोडा पंचवीस-तीस. पण नेम नाही. वटवाघूळ मुठीएवढं, तेसुद्धा वीस-वीस वर्षं जगतं म्हणतात."

वटवाघूळ! आता त्याच्याकडंही बघायचं का? सायकल गेणूच्या हातून कधी सुटली, त्याला कळलंही नाही.

वर्षं गेली. रोज्या मोठा देखणा दिसायचा. गळ्याखाली केसांचा झुबका, खुरांवर पांढरी वळी, एवढ्या मोठ्या देहाला शिंगं मात्र वीतभर. गेणूची हाक आली की आख्ख्या बागेतून दौडत यायचा आणि पुढचे गुडघे टेकून डोकं घासायचा. कोयनेच्या भूकंपात सगळी माणसं बाहेर पळाली, गेणू तेवढा आत गोठ्यात पळाला. गंगीनं नंतर विचारलं, "खोलीसाठी पळालात का त्याच्यासाठी?" गेणू रोज्याच्या पाठीवरची धूळ झटकत राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं.

पुढं शेठाणी वारली. तिचा मुलगा किशोरभाई आला. वाईट माणूस नव्हता हो, पण व्यापारी. बंगला विकायचा, तिथं लॉज काढणारं गिऱ्हाईक तयार. फक्त आईनं दिलेला शब्द आडवा येत होता. गोठ्याच्या दाराशी उभा राहून त्यानं विचारलं, "गेणू, हे जनावर जगतं किती?"

गेणूला हसावं की रडावं कळेना. ज्या प्रश्नापायी आपण गावभर वणवण केली, तोच प्रश्न, तसाच्या तसा! फक्त ह्याला उत्तर कमी हवं होतं आणि आपल्याला जास्त. गेणूनं क्षणभर विचार केला, बैल आठवला, शेळी आठवली, आणि छातीठोक सांगितलं, "तीस वर्सं, शेठ. घोड्याचं आयुष्य हाय ह्येला."

किशोरभाईनं सुस्कारा सोडला. शब्द मोडला नाही. पण दर दिवाळीला यायचा, रोज्याकडं बघायचा आणि जायचा. आणि तो येणार म्हटलं की गेणू आदल्या दिवशी रोज्याला चोळून-घासून लख्ख करायचा, हातानं मळलेली पेंड भरवायचा. लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरीलाही कुणी इतकं सजवत नसेल.

पण सजवून म्हातारपण झाकतं थोडंच? बहात्तरचा दुष्काळ मागं पडून काही वर्षं झाली, आणि रोज्याचे दात झिजले. पाला तोंडातच राहायचा, तसाच गळून पडायचा. गंगी जात्यावर कोंडा बारीक दळायची, गेणू भाकरी ताकात कुस्करून भरवायचा. मग मागचे पाय गेले. रोज्या बसला तो उठेना. दोघं नवरा-बायको त्याला गोणपाट घालून कुशीवरून कुशीवर वळवायची. तरी अंगाला जखमा पडल्या, माशा बसायला लागल्या, कावळे कुडाच्या फटीतून आत यायला लागले. गेणू दिवसभर फडकं घेऊन बसून असायचा.

डॉक्टर आता इथलाच जुना झाला होता. त्यानं तपासलं आणि हळूच म्हणाला, "गेणू, हा आता उठत नाही. हाल चाललेत त्याचे. तू हो म्हण, इंजेक्शन देतो. शांतपणे सुटेल."

"न्हाई," गेणू म्हणाला. डॉक्टरच्या तोंडाकडंही न बघता म्हणाला.

का नाही? ते त्याला विचारा! त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. वर कौलं दिसत होती. रोज्या गेला की ही गेली. म्हणून आपण नाही म्हणालो? की जीव लागलाय म्हणून? की पाप म्हणून? बैल असेल, तर बैलाला मारणं म्हणजे नरकच. कोंडाजीआबानं आपला म्हातारा बैल शेवटपर्यंत दावणीला जपला. घोडा असेल, तर अंबाजीनं पाय मोडलेला घोडा रडत रडत का होईना, गोळी घालवून सोडवला होता. आणि शेळी असेल, तर शेळी कापताना कोण विचार करतो? आयुष्यभर जो गुंता, तोच आता गळ्याशी आला. हे जनावर आहे तरी कोण? आणि आपण?

सकाळी गंगी चुलीवरून उठून गोठ्यात आली. गेणू फडकं हलवत बसला होता. रोज्यानं डोळे उघडले, नेहमीसारखं डोकं घासायला मान उचलायला गेला, आणि मान खाली आपटली.

"डाक्टरला बलवा," गंगी म्हणाली.

"गंगे, खोली..."

"ठावं हाय मला."

"तूच म्हनली व्हतीस ना, पुन्ना उठायचं न्हाई म्हनून?"

गंगी खाली बसली. रोज्याच्या तोंडावरची माशी तिनं पदरानं हाकलली. "माझं पोर गारठत व्हतं तवा माझ्या हातात काय बी नव्हतं," ती म्हणाली. "ह्याचं तरी हातात हाय. खोलीपायी ह्याला असं सडवू व्हय मी? बलवा म्हनते ना!"

"पन पाप लागंल का गं? ह्यो बैल का घोडा..."

"ना बैल, ना घोडा. आपला रोज्या हाय. जावा!"

डॉक्टर आला. गेणूनं रोज्याचं डोकं मांडीवर घेतलं. गंगीनं ताकात बुडवलेली चिंधी त्याच्या ओठांना लावली. रोज्यानं ती जराशी ओढली. मग डॉक्टरनं सुई काढली आणि म्हणाला, "झालं." गेणू मोठ्यानं रडला. बापाच्या वेळी रडला नव्हता तेवढा रडला.

बंगल्याच्या माळ्यांनी जांभळीखाली खड्डा खणला. गेणूनं कुणी न सांगता बाजारपेठेत जाऊन किराणावाल्याकडून किशोरभाईला मुंबईला फोन लावून घेतला आणि इंजेक्शन देऊन रोज्याला सोडवल्याचं कळवलं.

दोन दिवसांनी किशोरभाई आला तेव्हा खोली रिकामी होती. भुई ताजी सारवलेली, चुलीतली राख काढलेली, दाराबाहेर मडकी, जातं आणि देवांचं गाठोडं. तो वाटेत बरंच काही जुळवून आला असावा. समजूत घालायची, वाद घालायचा, वेळ पडली तर दरडावायचं. ते सगळं त्याच्या तोंडातच राहिलं.

"इंजेक्शन... तू द्यायला लावलंस?"

"व्हय शेठ."

"पण तूच म्हणाला होतास ना, तीस वर्षं जगतो?"

"चुकलो शेठ," गेणू म्हणाला. "त्ये घोड्याचं व्हतं."

किशोरभाईनं दाराबाहेरच्या मडक्यांकडं पाहिलं. मग चाचरत म्हणाला, "पावसाळा... पावसाळा तरी काढा इथे."

"नगं भाई," गंगी म्हणाली. "तुमच्या आईचा शबूद रोज्यापातुर व्हता. त्येवढी जांभळ तोडू नगा, म्हंजी झालं." तिनं मडकी डोक्यावर चढवली.

दोघं फाटकाबाहेर पडली. गेणू सवयीनं मागं वळला, रोज्या बाहेर जाऊ नये म्हणून कडी घातली. मग ती पुन्हा काढली.

गंगी पुढं गेली होती. तिचे केस मडक्यांखालून दिसत होते, राखेच्या रंगाचे. गेणूनं ते आज पहिल्यांदाच पाहिले. इतक्या जनावरांचं विचारलं, हे विचारायचं राहूनच गेलं! तो भरभर चालत तिच्याशेजारी आला. "गंगे, माणूस किती जगतं गं?"

"गप चाला," गंगी म्हणाली. "गाडी चुकंल. कान्ह्याला उतरून बुधाच्या वाडीपातुर अजून लय चालायचं हाय."

त्यानं तिच्या डोक्यावरचं वरचं मडकं काढून आपल्या डोक्यावर घेतलं.